पुंजाराम आणि पोळ्याची काठी

पिंपळझरीच्या पुंजारामकडे बैलांची एकच जोडी होती, जमीन बेताची होती, आणि आवाज मात्र तीन गावांना पुरून उरेल असा होता. वलगावच्या बाजारात तो मिरचीचा भाव विचारू लागला, की पलीकडच्या ओळीतल्या बाया आपापल्या टोपल्या झाकून घेत. पण गावात त्याचं नाव या आवाजामुळे झालं नव्हतं. ते झालं होतं झडत्यांमुळे.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली, की गावातले सगळे बैल सजून आखरावर, गावाकडेच्या मोकळ्या मैदानावर, येतात आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभे राहतात. तोरण तुटायच्या आधी ज्याला जे बोलायचं ते तो चार ओळींत यमक जुळवून, मोठ्याने म्हणतो. तीच झडती. तिच्या शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं, आणि सगळ्या गावाने हर हर म्हणायचं. गावाने हर हर म्हटलं, की झडतीतलं सगळं माफ. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याची त्या दिवशी चारचौघांत साल काढायची, आणि त्याने मिशीला पीळ देत हसत उभं राहायचं, असा रिवाज.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघायचे, अमरावतीला दम खायचे, आणि पिंपळझरीत पोचेपर्यंत किसनराव पाटलाच्या आवाजात बोलू लागायचे. पोळ्याला पाटलाची जोडी ओळीत पहिली असे. त्याच्या हातात वेळूची एक लांब काठी असे, तिच्या टोकाला घुंगरू बांधलेले. ती काठी वर गेली की तोरण तुटायचं. त्याआधी नाही. बैल ताटकळोत, पाऊस येवो, पाटील पान खात असला तर सगळ्या गावाने त्याचं पान संपायची वाट पाहायची.

या पाटलाला एक खोड होती. त्याच्या शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, दगड दरवर्षी थोडे थोडे दुसऱ्याच्या शेतात सरकत. सगळ्यांना ते दिसे, आणि कोणी बोलत नसे. एका पोळ्याला पुंजाराम ओळीच्या अगदी शेवटून, आपल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून, बोलला:

धुऱ्यावरचा दगड म्हने मी हलत नाई,
पाटील म्हने माझा त्यात हात नाई,
दरसाल दगड जाते हातभर सरकून,
दगडाले पाय फुटले पाटलाले पाहून.

गाव असं हसलं की बैल बिथरले. पाटलाचं हसू ‘पाय’ या शब्दापाशी अडखळलं आणि ‘पाहून’पाशी पडलं. तो काठी उगारून ओळीच्या शेवटापर्यंत धावत आला. पुंजाराम वाकला, आणि काठी बसली ती शेजारी उभ्या असलेल्या नत्थुजीच्या बैलाच्या पाठीवर.

पोळ्याच्या दिवशी बैलावर कोणी हातही उगारत नाही. नत्थुजी हा गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. लग्नात सुद्धा त्याने फक्त मान हलवली होती, असं त्याची बायको सांगे. तो नत्थुजी त्या संध्याकाळी पारावर उभा राहिला आणि म्हणाला, “पाटीलकी सरकारची हाये. पोळा गावाचा हाये.”

एवढं बोलून तो दमून खाली बसला. पण काम झालं होतं. काठी पाटलाकडून काढून घ्यायचं ठरलं. द्यायची कोणाला, यावर फार बोलणं झालं नाही. ज्या पुंजारामवर काठी उगारली गेली, त्याच्याच हातात ती राहिली तर कोणाच्या अंगावर पडणार नाही, असं गावाला वाटलं. गावाच्या अशा वाटण्याला आजवर कोणी औषध शोधलेलं नाही.

किसनरावांनी काठी दिली. देताना घुंगरू एकदा हलवून पाहिले.

“घे, पुंज्या. हे वाजते तवा बरं वाटते. तेवढं सांभाळ.”

“मले काई बरंबिरं वाटत नाई,” पुंजाराम म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याने घरी जाऊन काठी गोठ्याच्या आढ्यात खोचली आणि तो जेवायला बसला.

त्याची बायको मैनाबाई मूर्तिजापूरकडची. तिकडच्या माणसांना आडवं बोलणं जन्मतः येतं, असं पुंजारामचं मत होतं. ती भाकरी वाढताना म्हणाली, “आता तुमी पाटील झाले मंग.”

“पाटील नाई वं. पोळ्यापुरता.”

“पोळ्यापुरताच,” मैनाबाई म्हणाली. “मीठ घ्या.”

पहिल्या पोळ्याला पुंजारामने जाहीर केलं की आता पहिला कोणी नाही आणि शेवटला कोणी नाही. जो जसा येईल तसा उभा राहील. गाव खूश झालं. मग सगळे एकदमच आले. बैलांनी बैलांना ढुशा दिल्या, एकाची झूल दुसऱ्याच्या शिंगात गेली, आणि तोरण कोणीतरी शेपटीने तोडलं. पुंजाराम गर्दीत कुठेतरी काठी हलवत होता, पण घुंगरू कोणालाच ऐकू आले नाहीत. तरी झडत्या फार चांगल्या झाल्या. त्यातल्या दोन पुंजारामवर होत्या, आणि तो पोट धरून हसला.

पुढच्या वर्षी ढुशा नकोत म्हणून ओळ लावायची ठरली. ओळ कोणीतरी लावायला हवी, म्हणून ती पुंजारामने लावली. ओळ लावणारा शेवटी उभा राहिला तर पुढचं काही दिसत नाही, म्हणून तो मधे आला. मधूनही नीट दिसेना, म्हणून पुढे आला. पुढे आल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याची जोडी पहिली उभी आहे. त्याने हे कोणाला सांगितलं नाही, कारण सगळ्यांना दिसतच होतं.

त्यानंतरच्या वर्षी मखर आलं. पाठीवर लाकडी मखर चढवलेला बैल दुरून ओळखू येतो, आणि ओळ कुठून सुरू होते हे लोकांना कळायला हवं, एवढाच त्यात हेतू. ते अकोल्याच्या एका सुताराकडून करवून आणलं. त्यावर मोर कोरलेले होते. मोराचा हेतू काय, असं मैनाबाईने विचारलं.

“सुताराने आपल्या मनानं टाकले,” पुंजाराम म्हणाला.

“सुतार मनकवडा दिसते,” मैनाबाई म्हणाली.

गाव आधी त्याला पुंज्या म्हणे. मग पुंजाराम म्हणू लागलं, मग पुंजाजी, मग पुंजारामजी. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त कोणी ‘पुंज्या’ अशी हाक मारली की त्याला ऐकू यायचं नाही. चंद्रभान नावाचा एक गुळगुळीत माणूस गावात होता. दोन्ही बाजूंनी बोलता यावं म्हणून तो नेहमी दाराच्या उंबरठ्यावर उभा राही. त्याने एकदा ‘पंचसाहेब’ म्हणून पाहिलं. पुंजारामने त्याला दटावलं. पण दटावताना त्याला बसायला पाट दिला.

काठी आता गोठ्यात नव्हती. ती देवळीशेजारी, कपड्यात गुंडाळून उभी असे. आणि पोळा नसतानाही पुंजाराम ती घेऊन बाहेर पडू लागला, कारण रस्त्यात कुत्री असतात.

या सगळ्यात एक गोष्ट घडली होती, ती पुंजारामने मैनाबाईलाही सांगितली नाही. त्याला झडती सुचेनाशी झाली होती.

पूर्वी कपाशीच्या तासातून तण काढायचा डवरा धरून चालताना ओळी आपोआप येत. बैलांची पावलं पडत तशा त्या पडत. आता तो डवऱ्यामागे चालायचा आणि फक्त मातीचा आवाज यायचा. काळी माती ओली असली की पायाला धरून ठेवते, तसं काहीतरी जिभेला धरून ठेवत होतं. त्याने किसनरावांवर पुन्हा एक रचून पाहिली. पण किसनराव आता म्हातारे होऊन ओसरीवर बसले होते, आणि त्यांच्यावर झडती करणं म्हणजे पडक्या भिंतीला ढुशी मारण्यासारखं होतं. झडती वरच्या माणसावर होते. पुंजारामने वर पाहिलं, तर नुसतं आभाळ होतं.

स्वतःच्या सुचत नाहीत म्हणून तो दुसऱ्यांच्या सुधारू लागला. त्यातही हेतू वाईट नव्हता. लोक फार ओबडधोबड यमकं जुळवत, आणि त्याच्या कानाला ते सोसत नसे. मग त्याने सांगितलं, की पोळ्याआधी प्रत्येकाने आपली झडती त्याला ऐकवावी. चाल कुठे लंगडत असेल तर तो नीट करून देईल. पहिल्यांदा आला नत्थुजी. त्याने मखरातल्या मोरांवर चार ओळी जमवल्या होत्या. मोर रात्री गावाचा दाणा खातात, असं काहीतरी त्यात होतं.

पुंजारामने डोळे मिटून ऐकलं.

“चाल ठीक हाये,” तो म्हणाला. “पन कडू लागते.”

“झडती हाये नं, पुंजारामजी.”

“झडती असली म्हनून काय झालं. थोडी साखर घाला. मोर दाना खातात म्हन्याच्या जागी मोर नाचतात म्हना.”

“मंग त्यात काय रायलं?”

“नाच रायला,” पुंजाराम म्हणाला.

नत्थुजी मान हलवून गेला. त्याच्यामागून येणाऱ्यांनी दारातच साखर घालून आणली. काही जण आलेच नाहीत. चंद्रभान मात्र रोज नवी घेऊन येई.

पुंजारामजी आमचे मायबाप,
त्याइच्या राज्यात चावत नाई साप.

“साप कुठून आला याच्यात?” पुंजारामने विचारलं.

“यमकाले, जी.”

 स्तुती पुंजारामला आवडली होती. यमक आवडलं नव्हतं. चांगलं यमक जाणणारी माणसं आता त्याच्याकडे येत नव्हती, आणि येत होती त्यांना कान नव्हता. तो अंगणात बसून लोकांकडून ‘माय-बाप, ताप-साप’ ऐकायचा, आणि आतून मैनाबाईचा तांदूळ पाखडण्याचा आवाज यायचा. त्या आवाजात जास्त ताल होता.

त्या साली लोकल बोर्डाची निवडणूक यायची होती. अमरावतीचे वामनराव वकील या भागातून उभं करायला माणूस शोधत होते. त्यांना भाषण करणारा नको होता. ते काम ते स्वतः करत. त्यांना हवा होता असा माणूस, की ज्याच्या मागे गाव न बोलता चालतं. चंद्रभानने पुंजारामचं नाव त्यांच्या कानावर घातलं. वकिलांनी निरोप पाठवला, की पोळ्याला येतो, तुमचा दरारा डोळ्यांनी पाहतो, आणि पटलं तर तिथेच नाव जाहीर करतो.

पुंजारामची झोप उडाली. पोळा सुरळीत पार पडला, तर तो लोकल बोर्डाचा मेंबर होणार होता. अमरावतीत खुर्चीवर बसणार होता. एखादी तिखट झडती निसटली आणि गाव हसलं, तर वकील आल्या पावली परत जाणार होते. त्याने घरोघर निरोप दिला: जी झडती आपल्यासमोर झाली नाही, ती तोरणाखाली होणार नाही.

“आन् कोनी म्हटली तं?” मैनाबाईने विचारलं. ती बैलांच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळत होती. तो पोळ्याचा आदला दिवस होता.

“कोनी म्हननार नाई.”

“तुमी म्हटली होती.”

पुंजारामने बैलाकडे पाहिलं. बैलाने तोंड फिरवलं.

पोळ्याला वामनराव छकड्यातून आले. काळा कोट, डोक्यावर फेटा, हातात छत्री. त्यांच्यासाठी आखरावर खुर्ची ठेवली होती. ती शाळेतून आणली होती. पुंजारामने ओळीकडे हात केला. बैल सरळ रेषेत, शिंगांना बेगड, गळ्यात घागरमाळा, आणि माणसं गप्प. एवढी शिस्त होती की माशा सुद्धा दबकून बसल्या होत्या.

“वा,” वामनराव म्हणाले. “गाव हातात आहे तुमच्या.”

“लोकाइचं प्रेम हाये, साहेब,” पुंजाराम म्हणाला आणि घुंगरू हलवले.

झडत्या सुरू झाल्या. साप आला, ताप आला, मायबाप आले. गावाने ठरल्याप्रमाणे हर हर म्हटलं, पण ते अशा आवाजात, जसं कोणी उधारीचा निरोप पोचवावा. मोर नाचले. नत्थुजीने नाचवले, आणि नाचवताना तो स्वतःच्या पायांकडे पाहत होता. वामनरावांनी जांभई आवरली आणि खिशातून एक कागद काढला. पुंजारामने पाहिलं, त्यावर त्याचं नाव होतं. आता फक्त काठी वर करायची होती.

तेवढ्यात ओळीच्या अगदी शेवटून कोणीतरी खाकरलं.

ते किसनराव होते. म्हातारे, कानटोपी घातलेले, एका थकलेल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे. ज्या जागी पूर्वी पुंजाराम उभा राही, नेमके तिथेच. त्यांना निरोप कोणी दिला नव्हता. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे झडती असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी झडत्या फक्त खाल्ल्या होत्या, म्हटली एकही नव्हती. त्यांचा आवाज थरथरत होता.

काल होता पुंजाराम रांगेच्या शेवटी,
आज त्याच्या हातात घुंगराची काठी,

 वामनरावांनी कागद हातातच धरला.  पण पुंजारामच्या कानाने, मालकाला न विचारता, सवयीने, ओळ तोलली. बरी होती. चाल चालत होती.

आमच्या बैलाले ऊन, त्याच्या बैलाले मखर,

 ‘मखर’ हा शब्द ओळीच्या शेवटी ठेवणं, हे काही सोपं काम नव्हतं. म्हाताऱ्याने तो अगदी बरोबर जागी ठेवला होता. आता पुढच्या ओळीत तसाच एखादा शब्द आला, की झालं. तो कोणता येईल, हे पुंजारामला लख्ख दिसत होतं. तो शब्द कधीपासून त्याच्याच जिभेवर होता. किसनरावांनी दम घेतला आणि म्हणाले:

आन् कोनी बोललं तं तो म्हनते का आधी मले ऐकवा, मंग बाकीच्याइले ऐकवा.

ओळ खाली पडली. माती झाली तिची. चौथ्या ओळीपर्यंत एवढं सुंदर आणून म्हाताऱ्याने ती गाडी नाल्यात घातली होती. गाव हसलं नाही. हसायला जागाच मिळाली नाही. वामनराव कागद पुन्हा पाहू लागले. पुंजारामला एवढंच करायचं होतं: गप्प राहायचं, आणि काठी वर करायची.

“असं नाई, पाटील,” तो ओरडला. तोच तो तीन गावांचा आवाज. “असं म्हना:

शिवी बी द्याची तं म्हने, घाला तिच्यात साखर!”

 आधी नत्थुजी हसला. लग्नात न बोललेला नत्थुजी असा हसला की त्याच्या हातातली वेसण सुटली. त्याच्यामागे सगळं आखर फुटलं. किसनरावांनी दोन्ही हात वर केले आणि महादेवाचं नाव घेतलं, आणि गावाने जे हर हर म्हटलं, तसं कित्येक वर्षांत म्हटलेलं नव्हतं. बैल उधळले. पुंजारामची मखरवाली जोडी सगळ्यांत आधी उधळली आणि तोरण घेऊन थेट नदीकडे गेली. मोर वाटेतल्या बाभळीला अडकले. काठी वर करायला कोणाला सवडच मिळाली नाही.

धुरळा बसला, तेव्हा पुंजाराम तिथेच उभा होता, आणि तो हसत होता हे त्याला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

वामनरावांनी छत्री झटकली. “पुंजारामजी,” ते म्हणाले, “विरोधक मला चालतो. त्याला उत्तर देता येतं. पण स्वतःच्या विरोधकाची ओळ दुरुस्त करून देणारा माणूस बोर्डात नेला, तर मी काय करू?”

“चूक होती, साहेब,” पुंजाराम म्हणाला. “ओळीत.”

वकिलांनी इकडे तिकडे पाहिलं. चंद्रभान त्यांच्या छकड्याजवळ, एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून, उभाच होता. वकिलांनी कागदावर एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

पुंजाराम बैलांना शोधून घरी आणेपर्यंत दिवे लागले होते. मैनाबाईने दारात बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. बैलांचं झाल्यावर त्याला विचारलं, “शेवटची ओळ कोनाची होती? इथपर्यंत ऐकू आली.”

“माझी.”

“बरी होती,” ती म्हणाली. मूर्तिजापूरकडची माणसं याहून जास्त बोलत नाहीत.

काठी तिने परसात नेली आणि दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवली. वेल घुंगरांपर्यंत चढला. वारा आला की दोडके वाजत. पुंजाराम पुन्हा पुंज्या झाला, आणि पहिल्यांदा कोणी तशी हाक मारली तेव्हा त्याला थोडं लागलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. डवऱ्यामागे चालताना त्याला ओळी येऊ लागल्या होत्या. चंद्रभान मेंबर आता अमरावतीहून खादीचा कोट घालून येई, आणि त्याच्यावर एक सुरेख जमत आली होती. फक्त तिसरी ओळ अडत होती.

पुढचा पोळा जवळ आला, तेव्हा एका सकाळी नत्थुजी परसात आला. बराच वेळ दोडक्यांची चौकशी केली. मग काठीकडे पाहिलं.

“लोक म्हनतात, ओळ कोनीतरी लावाले पाह्यजे,” तो म्हणाला. “मले काई हौस नाई, पुंजा. गावाचं काम म्हनून.”

पुंजारामने त्याच्याकडे पाहिलं. मग वेल हलक्या हाताने सोडवला, दोडके बाजूला केले, आणि काठी उपटून त्याच्या हातात दिली.

“सांभाळ,” तो म्हणाला.

“मी काय करनार हाये तिचं,” नत्थुजी म्हणाला, आणि निघाला. तो मान खाली घालूनच चालत होता, आयुष्यभर चालत आला तसा. गल्लीच्या वळणापाशी कुत्रं भुंकलं. त्याने काठी जराशी हलवली. घुंगरू वाजले. नत्थुजी थांबला. त्याने ती पुन्हा एकदा हलवली, या वेळी कुत्रं नव्हतं.

पुंजाराम पडलेला वेल हातात धरून तिथेच उभा होता. चंद्रभानवरची तिसरी ओळ त्याला अजून सापडली नव्हती. पण दुसऱ्याच कोणावरची तरी पहिली ओळ, न बोलावता, घुंगरांच्या तालात, जिभेवर येऊन बसली होती.